गेमबॉयचं म्युझिक एनईएसवर आणायचंय? मग आधी तिसरं चॅनेल बघा

गेमबॉय १९८९ चा, फॅमिकॉम म्हणजे जपानमधला एनईएस १९८३ चा, दोन्ही निन्टेन्डोचीच गेम मशिनं, आणि दोघांचा आवाज ऐकायला इतका जवळचा आहे की नवीन माणसाला वाटतं चार चॅनेल (एका वेळी एकेक आवाज काढणारे चिपचे भाग) इकडची उचलायची, तिकडे टाकायची, विषय संपला. पहिली दोन चॅनेल खरंच तशी जातात, थोडा गुणाकार केला की झालं. चौथं म्हणजे नॉइजवालं जरा कटकट करतं पण येतं. सगळा राडा होतो तो तिसऱ्या चॅनेलवर. तिथे काय करायचं हे ठरल्याशिवाय बाकी कशालाच हात लावू नका, कारण तिसऱ्याचा निर्णय नंतर फिरवला की उरलेली तीन परत मांडावी लागतात आणि तोपर्यंत केलेलं सगळं पाण्यात जातं.

ट्रॅकर (सूर ओळींमध्ये लिहून गाणं बसवायचं सॉफ्टवेअर) थोडाफार वापरलाय, पॅटर्न, इन्स्ट्रुमेंट, मॅक्रो म्हणजे काय हे माहितीये असं धरून पुढे लिहितोय. सरावाला कोणती चाल घ्यायची असं विचाराल तर सरळ गेमबॉयच्या टेट्रिसमधली ए-टाइप घ्या. ती मुळात कोरोबेइनिकी नावाचं रशियन लोकगीत आहे, गेमबॉयसाठी हिरोकाझू तानाकांनी बसवलेलं. गंमत म्हणजे निन्टेन्डोने त्याच वर्षी एनईएसवर स्वतःचा जो टेट्रिस काढला त्यात ही चालच नाहीये, तिथे पहिल्या नंबरला चायकोव्हस्कीच्या बॅलेमधला तुकडा वाजतो. म्हणजे निन्टेन्डोचं तयार उत्तर बघून उतरवायची सोय नाही, स्वतःच डोकं लावावं लागतं, सरावाला असंच पाहिजे.

गाणं बाहेर कसं काढायचं

गाणं तुमचं स्वतःचं असेल, फर्नेस किंवा डेफलमास्क या ट्रॅकरमध्ये गेमबॉयसाठी केलेलं, तर सुखच आहे. फर्नेसमध्ये फाइल उघडा, डेफलमास्कचीही त्यात उघडते, चिप मॅनेजरमध्ये जाऊन गेमबॉयच्या जागी एनईएसची चिप निवडा, पॅटर्न जागच्या जागी राहतात कारण चॅनेलचा क्रमही नशिबाने सारखाच आहे: पल्स (चौकोनी लाटेचा आवाज), पल्स, तिसरं, नॉइज, आणि एनईएसकडे शेवटी सॅम्पलचं एक जास्तीचं. इन्स्ट्रुमेंट मात्र गेमबॉयचीच राहतात, ती एकेक उघडून टाइप बदलायला लागतो आणि एन्व्हलोप (सुराचा आवाज वेळेनुसार कसा चढतो-उतरतो ते) हाताने बसवायला लागतात, ते कसं ते खाली सांगतो.

गाणं गेममधलं असेल तर जीबीएस फाइलपासून सुरुवात. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की जीबीएसमध्ये सूर लिहिलेले असतात आणि एनएसएफमध्येही (एनईएसची तशीच फाइल) सूर लिहिलेले असतात, तर मध्ये एक कन्व्हर्टर असेलच की! तसं काही नसतं हो. जीबीएसमध्ये गेमचा म्युझिक वाजवणारा कोड आणि त्याचा डेटा जसाच्या तसा उचलून ठेवलेला असतो, प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा, त्यामुळे ती वाजवल्याशिवाय आत काय आहे ते कळतच नाही. मग वाजवा आणि वाजताना चिपच्या रजिस्टरमध्ये (सूर, व्हॉल्यूमचे आकडे लिहायच्या जागा) काय काय लिहिलं जातंय ते पकडा. जीबीएसप्ले नावाचा कमांड लाइन प्लेअर आहे, तो वाजवता वाजवता मिडी फाइल काढून देतो, आणि ती मिडी फॅमिस्टुडिओ या एनईएसच्या म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये थेट इम्पोर्ट होते. पण मिडीमध्ये येतो फक्त सांगाडा, म्हणजे कुठला सूर कधी सुरू झाला आणि कधी थांबला. ड्यूटी (पल्सची लाट किती टक्के वेळ वर राहते ते) कुठली होती, तिसऱ्या चॅनेलवर कुठला आकार भरला होता हे त्यात मिळणार नाही. त्यासाठी व्हीजीएम लॉग (रजिस्टरमध्ये लिहिलेल्या प्रत्येक आकड्याची नोंद) काढून तो टेक्स्टमध्ये उघडा, किंवा मेसेनसारख्या एम्युलेटरच्या डीबगरमध्ये साउंड रजिस्टर समोर ठेवून गाणं ऐका. मेसेनचा फायदा असा की त्यात गेमबॉय आणि एनईएस दोन्ही चालतात, मूळ आणि तुमचं एकाच जागी लावून बघता येतं.

मी स्वतः मिडी आणि लॉग दोन्ही काढतो, सूर मिडीतून घेतो आणि बाकी सगळं लॉगमध्ये बघून भरतो. नुसत्या कानावर सगळं उतरवणारेही लोक आहेत, त्यांना नमस्कार.

तिसरं चॅनेल

गेमबॉयच्या तिसऱ्या चॅनेलला ३२ सॅम्पलची एक छोटीशी लूप असते, प्रत्येक सॅम्पल ४ बिटचं, म्हणजे ० ते १५ मधला आकडा, सगळं मिळून १६ बाइटच्या वेव्ह रॅममध्ये मावतं. त्यात संगीतकार वाटेल तो आकार भरू शकतो. व्हॉल्यूमला मात्र चारच पायऱ्या: बंद, पूर्ण, निम्मा, पाव. एनईएसचं तिसरं चॅनेल म्हणजे ट्रँगल. त्याचा आकार कारखान्यातून ठरलेला, ३२ पायऱ्यांत १५ वरून ० पर्यंत उतरायचं आणि परत ० पासून १५ पर्यंत चढायचं, आणि व्हॉल्यूम नावाचा प्रकारच नाही. एकतर वाजतो नाहीतर गप्प.

तर पहिलं काम, गाणं चालू असताना वेव्ह रॅममधले ३२ आकडे वाचा. ०, १, २ असं करत १५, मग परत १५, १४ करत ० असं काही दिसलं तर आजचा दिवस तुमचा, कारण हा हुबेहूब एनईएसचा ट्रँगल आहे आणि काहीच बदलायची गरज नाही. आकडे नुसते चढत जाऊन एकदम खाली पडत असतील तर ती सॉटूथ, आवाज करकरीत असणार. बेससाठी अशी सॉटूथ वापरली असेल तर ट्रँगलवर टाकली तरी बेस उभा राहतो, फक्त तो गुळगुळीत होतो, करकर जाते. बहुतेक गाण्यांत ते चालून जातं आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा मूळपेक्षा बरंही वाटतं.

आकडे वाचताना अजून एक बघा, ३२ सॅम्पलमध्ये लाटेचं एकच आवर्तन आहे का दोन. दोन असतील म्हणजे पहिल्या १६ सॅम्पलमध्ये जे आहे तेच पुढच्या १६ मध्ये परत, तर रजिस्टरमधल्या आकड्यावरून जो सूर निघतो त्याच्यापेक्षा एक सप्तक वरचा सूर कानाला ऐकू येतो. हे लक्षात नाही घेतलं तर ट्रँगल एक सप्तक खाली वाजत बसतो आणि बेस नुसता घुमतो, आणि मग माणूस मिक्सिंगमध्ये चूक शोधत बसतो जी तिथे नाहीच.

आता कठीण केस. तिसऱ्या चॅनेलवर बेस नसून मुख्य चाल असेल किंवा मागचं लांब खेचलेलं पॅड असेल तर? इथे फक्त एक प्रश्न विचारा: या गाण्यात खर्ज कोणाकडे आहे? खर्ज दुसऱ्या पल्सकडे असेल तर सरळ अदलाबदल करा, खर्ज ट्रँगलला द्या आणि चाल मोकळ्या झालेल्या पल्सवर आणा, आकार मऊ असेल तर ५० टक्के ड्यूटी, धारदार असेल तर २५. हा सौदा जवळजवळ नेहमी फायद्याचा पडतो. खर्ज कोणाकडेच नसेल, तिन्ही चॅनेल मधल्या पट्टीत गात असतील, तर सगळ्यात कमी हलणारं, सगळ्यात कमी फेड होणारं चॅनेल ट्रँगलला द्या. फेड महत्त्वाचं आहे, कारण ट्रँगलला हळूहळू विझता येत नाही, लांब सूर मूळ गाण्यात विरत जात असेल तर इथे तो शेवटपर्यंत त्याच ताकदीने वाजतो आणि एकदम तुटतो. मग सूर थोडा आधीच तोडा, मध्ये श्वास घ्यायला जागा ठेवा. ऐकणाऱ्याला तो ठेका वाटतो.

तिसरं चॅनेल पाव व्हॉल्यूमवर पहिल्या चॅनेलचीच चाल थोडी उशिरा वाजवत असेल तर तो एको आहे. हा ट्रँगलवर कधीच टाकू नका, तो मूळ चालीच्या डोक्यावर बसेल. त्याऐवजी पहिल्या पल्सवरच दोन सुरांच्या मधल्या मोकळ्या जागेत आधीचा सूर ३ किंवा ४ व्हॉल्यूमने परत वाजवा. एकाच चॅनेलवर एको, जुना जुगाड आहे, आणि ट्रँगल बेससाठी मोकळा राहतो.

काही गेम तिसऱ्या चॅनेलमध्ये वेव्ह रॅम सतत बदलत राहून ड्रम किंवा आवाजाचं सॅम्पल वाजवतात. ते एनईएसच्या पाचव्या चॅनेलवर डीपीसीएम म्हणून न्या. १ बिटचं डेल्टा सॅम्पल असतं, एका सॅम्पलला जास्तीत जास्त ४०८१ बाइट, सगळ्यात वरचा रेट ३३ किलोहर्ट्झच्या आसपास. खरखर येणार, ती येतेच, तिच्याशी भांडू नका.

आणि हो, एक्स्पान्शन चिपचा (कार्ट्रिजमधल्या जास्तीच्या साउंड चिपचा) मोह होणार. नामको १६३ मध्ये ४ बिटचेच सॅम्पल असतात त्यामुळे गेमबॉयचा आकार तसाच्या तसा भरता येतो, फॅमिकॉम डिस्क सिस्टिममध्येही वेव्हटेबल चॅनेल आहे. एम्युलेटरवर छान वाजतं. पण अमेरिकन किंवा युरोपियन एनईएसमध्ये कार्ट्रिजमधून येणारा जास्तीचा आवाज मशिनमध्ये काही फेरफार केल्याशिवाय ऐकूच येत नाही. आणि माझं वैयक्तिक मत विचाराल तर सगळं जसंच्या तसं दुसऱ्या वेव्ह चिपवर भरायचं असेल तर मग गेमबॉयवरच ऐका ना, एनईएसची मजा त्या ट्रँगलमध्येच आहे.

पल्स: एकच गुणाकार

इथे जरा हायसं वाटेल. दोन्हीकडे ड्यूटी त्याच चार: १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. दोन्हीकडे व्हॉल्यूम ० ते १५. फरक आहे तो फ्रिक्वेन्सी लिहायच्या पद्धतीत. गेमबॉयमध्ये रजिस्टरचा आकडा क्ष धरला तर सूर निघतो १३१०७२ ÷ (२०४८ − क्ष) हर्ट्झचा. एनईएसमध्ये आकडा उलटा चालतो, पिरियड य धरला तर १७८९७७३ ÷ (१६ × (य + १)), ते १७८९७७३ म्हणजे एनटीएससी (अमेरिका-जपानचं टीव्ही मानक) मशिनच्या सीपीयूचा क्लॉक. दोन्ही एकमेकांत घातले की निघतं:

य + १ = (२०४८ − क्ष) × ०.८५३४

टेट्रिसची चाल ए मायनरमध्ये धरली तर पहिला सूर ई५, ६५९.२६ हर्ट्झ. गेमबॉयवर त्याचा आकडा १८४९. २०४८ मधून वजा केला की १९९, गुणिले ०.८५३४ म्हणजे १६९.८, त्यातून १ वजा, उरले १६८.८, म्हणजे १६९ लिहा. उलट तपासलं तर ६५८ हर्ट्झ येतात, गेमबॉयवरही ६५८.६५ च येत होते, कानाला काही फरक नाही. ट्रॅकर वापरत असाल तर हे तुम्हाला हाताने करायचं नाहीये, ई५ लिहिलं की ट्रॅकर स्वतःच्या टेबलमधून आकडा घेतो. पण लॉगमधून बारीक डीट्यून, व्हायब्रेटो, स्लाइड उचलायचे असतील तेव्हा हाच गुणाकार लागतो.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिसऱ्या चॅनेललाही तोच आकडा चालतो. गेमबॉयचं वेव्ह चॅनेल पल्सच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, ६५५३६ वाला फॉर्म्युला, आणि एनईएसचा ट्रँगलही त्याच्या पल्सच्या बरोबर निम्म्यावर, १६ च्या जागी ३२. त्यामुळे ०.८५३४ तसाच राहतो. पट्टीचीही चिंता नको, गेमबॉयचा पल्स ६४ हर्ट्झच्या खाली जात नाही आणि एनईएसचा ५४.६ पर्यंत जातो, वेव्ह ३२ पर्यंत तर ट्रँगल २७.३ पर्यंत, म्हणजे खालचा कुठलाही सूर हुकत नाही. वरच्या टोकाला तेवढं बघा, पिरियड ८ च्या खाली गेला की एनईएसचा पल्स गप्प होतो, पण इतक्या वर गाणारं गाणं सहसा नसतंच, साउंड इफेक्टमध्ये भेटतं.

आता एक खटका, शब्दशः खटका. एनईएसमध्ये पिरियड ११ बिटचा आहे, खालचे ८ बिट एका रजिस्टरमध्ये आणि वरचे ३ दुसऱ्यात, आणि त्या दुसऱ्या रजिस्टरमध्ये काहीही लिहिलं की लाट पहिल्यापासून सुरू होते. गेमबॉयमध्ये ट्रिगरचा बिट न लावता लिहिलं तर असं होत नाही. म्हणजे व्हायब्रेटो करताना पिरियड २५५ वरून २५६ वर गेला की टक्, परत खाली आला की टक्. आणि ही सीमा नेमकी कुठे पडते बघा: ए४ म्हणजे ४४० हर्ट्झचा पिरियड २५३. बरोबर काठावर! जगातल्या निम्म्या चाली ज्या सुरावर येऊन थांबतात त्याच सुरावर लांब व्हायब्रेटो लावला की ट्रॅक्टरसारखा आवाज. उपाय तीन, फॅमिस्टुडिओमध्ये स्मूथ व्हायब्रेटोचा पर्याय आहे तो चालू करा, नाहीतर त्या सुरापुरता व्हायब्रेटो कमी खोल करा की तो २५५ ओलांडणारच नाही, नाहीतर अख्खं गाणं अर्धा सूर वर सरकवा. तिसरा उपाय ऐकायला आळशी वाटतो पण करतात लोक. फक्त आधी बघा, खालचा एखादा सूर वर सरकून त्याच काठावर यायचा.

पहिल्या चॅनेलचा हार्डवेअर स्वीप दोन्हीकडे आहे पण दोघांचं वागणं वेगळं, त्याच्या नादी लागू नका, ट्रॅकरमधला पिच स्लाइड किंवा पिच मॅक्रो वापरा.

एन्व्हलोप

गेमबॉयमध्ये व्हॉल्यूम मध्येच बदलायचा तर सूर परत ट्रिगर करावा लागतो, त्यामुळे बहुतेक संगीतकार हार्डवेअर एन्व्हलोपवरच भागवतात: सुरुवातीचा व्हॉल्यूम, चढायचं का उतरायचं, आणि वेग ० ते ७. वेग ० म्हणजे एन्व्हलोप बंद, बाकी प्रत्येक पायरी वेग ÷ ६४ सेकंदाची. एनईएसवर हार्डवेअर एन्व्हलोपचा हिशोब वेगळा आहे, तो सोडा, व्हॉल्यूम मॅक्रो करा, कारण एनईएसमध्ये व्हॉल्यूम केव्हाही बदलला तरी सूर तुटत नाही.

वेग १ असेल तर पायरी साधारण एका फ्रेमची (सेकंदाचा साठावा भाग), १५, १४, १३ असं सरळ उतरवा. वेग २ असेल तर १५ १५ १४ १४ १३ १३. सुरुवात १५ आणि वेग २ असेल तर अख्खा सूर अर्ध्या सेकंदाच्या आतच विझतो, २८ फ्रेममध्ये. वेग ३ ला पायरी पडते २.८ फ्रेमची, मग पाच पायऱ्या तीन-तीन फ्रेमच्या आणि सहावी दोनची, असं चालवलं की मूळच्या फार जवळ जातं. एवढ्या खोलात जायचं का? चाल वाजवणाऱ्या इन्स्ट्रुमेंटसाठी जा, बाकीच्यांना अंदाजपंचे चालतं.

लेंग्थ काउंटर विसरू नका. गेमबॉयमध्ये सूर आपोआप कापणारा काउंटर २५६ हर्ट्झवर चालतो आणि छोटे टकटकीत सूर बऱ्याचदा त्याचेच असतात. लॉगमध्ये पल्सच्या काउंटरचा आकडा ४८ दिसला तर (६४ − ४८) ÷ २५६ सेकंद, चारेक फ्रेम. तेवढ्यानंतर मॅक्रोमध्ये ० टाका.

नॉइज

इथे गणित कमी आणि कान जास्त. गेमबॉयच्या नॉइजचा क्लॉक २६२१४४ ÷ (र × २ चा स घात), र चा आकडा ० असेल तर तिथे अर्धा धरायचा. एनईएसकडे फक्त १६ पिरियड, एनटीएससीचे हे असे: ४, ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १६०, २०२, २५४, ३८०, ५०८, ७६२, १०१६, २०३४, ४०६८. गेमबॉयचा क्लॉक काढा, १७८९७७३ ला त्याने भागा, जवळचा पिरियड घ्या. उदाहरणार्थ र १ आणि स २ असेल तर ६५५३६ हर्ट्झ, भागाकार २७.३, जवळचा ३२. र ३ आणि स ५ असेल तर २७३१ हर्ट्झ, भागाकार ६५५, जवळचा ७६२. फॅमिट्रॅकर या एनईएसच्या ट्रॅकरमध्ये नॉइजचे हे पिरियड उलटे दिसतात, सगळ्यात वरचा नंबर म्हणजे सगळ्यात बारीक आवाज, तेवढं ध्यानात ठेवा.

दोन ठिकाणी अडतं. गेमबॉयचा नॉइज खूप संथ करता येतो, ढग गडगडल्यासारखा, आणि एनईएस ४४० हर्ट्झच्या क्लॉकखाली जातच नाही, तिथे डीपीसीएम सॅम्पल लावा नाहीतर सोडून द्या. दुसरं म्हणजे धातूसारखा वाजणारा शॉर्ट मोड. गेमबॉयमध्ये तो १२७ पायऱ्यांनी फिरतो, एनईएसमध्ये ९३ नी, त्यामुळे क्लॉक जुळवला तरी सूर जुळत नाही, वर चढतो. शॉर्ट मोडमध्ये कोणी बेस वगैरे वाजवला असेल तर क्लॉकला ९३ ÷ १२७ ने गुणून जवळचा पिरियड शोधा, पण १६ च पायऱ्या असल्यामुळे चाल वाजवायची अपेक्षा ठेवू नका.

किक ड्रमसाठी मी नॉइज वापरतच नाही. बेस ट्रँगलवर असेल तर किकच्या जागी पहिल्या दोन-तीन फ्रेममध्ये ट्रँगलचा सूर वरून झपकन खाली पाडायचा आणि लगेच बेसचा सूर चालू करायचा, वर नॉइजचा एक छोटा टिचका. छातीत बसतं. हे गेमबॉयच्या मूळ गाण्यात नसेलही, पण आपण कॉपी करत नाहीयोत, दुसऱ्या चिपवर बसवतोय.

टेम्पो आणि स्टिरिओ

गेमबॉय सेकंदाला ५९.७३ फ्रेम देतो आणि एनटीएससी एनईएस ६०.१०. दोन मिनिटांचं गाणं पाऊण सेकंद आधी संपेल, कोणी पोलीस कम्प्लेंट करणार नाही. पण काही गेम म्युझिक फ्रेमवर न चालवता टायरमधून, सॉरी, टायमरमधून चालवतात, त्याचे आकडे जीबीएसच्या हेडरमध्ये असतात. तो टायमर चालू दिसला तर गाणं ६० च्या हिशोबाने रांगेत बसणारच नाही, आधी टायमरचा वेग काढा आणि त्यावरून ट्रॅकरचा स्पीड आणि टेम्पो लावा.

स्टिरिओ तर जाणारच, एनईएस मोनो आहे. गेमबॉयमध्ये प्रत्येक चॅनेल डावीकडे, उजवीकडे किंवा दोन्हीकडे असं ठेवता येतं, आणि बरेच जण एकच चाल दोन पल्सवर, किंचित डीट्यून करून, एक डाव्या कानात एक उजव्या कानात अशी पसरवतात. हेडफोनवर मस्त लागतं. मोनोमध्ये ते दोन सूर एकमेकांवर आपटतात आणि आवाज लाटा मारल्यासारखा कमीजास्त होतो. दुसऱ्या पल्सचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणा आणि ड्यूटी वेगळी लावा, किंवा तो अख्खा काढून तिथे मूळ गाण्यात जागा न मिळालेला तिसरा सूर द्या.

बॅलन्स सगळ्यात शेवटी, आणि ट्रँगलपासून, कारण तो एकटाच कमीजास्त होत नाही. त्याला चालू ठेवून बाकीचे त्याच्या हिशोबाने लावा. पल्स १५ वर ठेवायची सवय असते सगळ्यांना, मी ९-१० पासून सुरू करतो म्हणजे वर जायला जागा राहते.

खऱ्या मशिनवर

फॅमिस्टुडिओ किंवा फॅमिट्रॅकरमधून एनएसएफ काढा, किंवा थेट रॉम काढा, फ्लॅश कार्ट्रिजवर टाका, वाजवा. एनटीएससी मशिन असेल तर जे एम्युलेटरवर ऐकलं साधारण तेच मिळेल.

आपल्याकडे माळ्यावर जी पडलेली असतात, ९९९९९९९ इन १ वाली, ती खरी एनईएस नाहीत, क्लोन आहेत, आणि टीव्ही आपला पीएएल (युरोप-भारतातलं ५० हर्ट्झचं टीव्ही मानक). त्यामुळे तिथे दोन-तीन वेगळ्या भानगडी. बऱ्याच पीएएल क्लोनमध्ये सीपीयूचा क्लॉक १७७३४४८ हर्ट्झ असतो, सूर फक्त १६ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरतो, कोणाला कळतही नाही. पण फ्रेम सेकंदाला ५० च, म्हणजे ६० साठी बसवलेलं गाणं रडतरखडत चालतं. ट्रॅकरमध्ये इंजिन ५० हर्ट्झला करा आणि मॅक्रो परत तपासा, कारण वर दिलेले फ्रेमचे आकडे ६० चे आहेत, वेग ३ ची पायरी इथे २.३ फ्रेमची होते. युरोपमधल्या अधिकृत पीएएल एनईएसचा क्लॉक अजून वेगळा, १६६२६०७, त्याला ०.८५३४ च्या जागी ०.७९२८ लागतो आणि ट्रॅकरमध्ये पीएएल निवडलं की सहसा हाच टेबल लागतो, क्लोनचा नाही. म्हणजे क्लोनवर पीएएल फाइल लावली की गाणं साधारण अर्धा सूर वर चढलेलं ऐकू येतं. क्लोनसाठी ०.८४५६ धरा, किंवा सरळ एनटीएससीचाच टेबल ठेवून फक्त इंजिनचा वेग ५० करा, मी तेच करतो.

अजून एक, बऱ्याच क्लोन चिपमध्ये २५ आणि ५० टक्के ड्यूटीची अदलाबदल झालेली असते. २५ वर केलेली धारदार चाल तिथे पोकळ वाजते आणि ५० वाली मऊ चाल नाकात बोलते. लहानपणी क्लोनवर खेळलेल्यांना खऱ्या मशिनचा आवाज "काहीतरी वेगळा" वाटतो त्याचं एक कारण हेही आहे. ओळखायचं सोपं आहे, एकच सूर आधी २५ वर मग ५० वर धरून ठेवायचा, दुसरा जास्त पोकळ लागला पाहिजे, उलट लागला तर मशिन अदलाबदलवालं. मग त्या मशिनसाठी ड्यूटी मॅक्रोमध्ये १ च्या जागी २ आणि २ च्या जागी १ करून वेगळी फाइल काढा, आणि फाइलच्या नावातच क्लोन असं लिहून ठेवा.